आप्पा, मी आणि अठ्ठेचाळीस महिने

माझ्या सासऱ्यांना आणि मला एकाच वर्षी असाध्य रोग झाला, आणि ही गोष्ट आम्ही दोघं सोडून सगळ्या नातेवाइकांना माहीत होती.

रोगाचं मूळ माझ्या पाकिटात होतं. चार क्रेडिट कार्डं! मी वाळूजला एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. दुसऱ्यांनी बनवलेल्या मालातली खोट काढायची, यासाठी मला पगार मिळतो. पहिलं कार्ड मी घेतलं, कारण त्याच्यावर प्रवासाची बॅग फुकट होती. (बॅगेची चेन पहिल्याच प्रवासात तुटली. कार्ड मात्र टिकाऊ निघालं.) दर महिन्याच्या बिलावर दोन आकडे असायचे. एक मोठा, अंगावर येणारा. आणि त्याच्याखाली एक छोटा, गोजिरवाणा, 'किमान देय रक्कम'. मला वाटायचं, किती समजूतदार बँक आहे! मी तो छोटा आकडा इमानेइतबारे भरत राहिलो. तीन वर्षांनी डोक्यात प्रकाश पडला, की मी भरतोय ते जवळजवळ सगळं व्याजातच जातंय, आणि मुद्दल आत बसून बाळसं धरतंय. मग पहिल्याचं भरायला दुसरं कार्ड, दुसऱ्याचं भरायला तिसरं, आणि चौथं कशासाठी घेतलं ते आता आठवतसुद्धा नाही.

पुढं वसुलीचे फोन सुरू झाले. बायकोसमोर, म्हणजे मनीषासमोर, बोलायची सोय नव्हती. सुरुवातीला मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायचो आणि त्या आवाजात बोलायचो. पण आमच्या भागात नळाला पाणी येतं आठवड्यातून एकदा! दुसऱ्याच फोनला मनीषानं दारावर धपाधप थापा मारल्या. "अहो, अंघोळ करताय का टाकी रिकामी करताय?" तेव्हापासून मी गच्चीवर, टाकीच्या मागं उकिडवं बसून बोलायला लागलो. भर उन्हात. मे महिन्यात.

ओरडणाऱ्या माणसांची सवय झाली होती. पण एके दिवशी एकजण अगदी मऊ आवाजात म्हणाला, "सर, तुम्ही बिझी असता. आम्हीच रविवारी घरी येऊन भेटू का? वहिनींशीपण ओळख होईल."

मी फोन बंद केला आणि रविवार किती दिवसांवर आहे ते बोटांवर मोजलं. मी कंपनीत एका मित्रासमोर अक्षरशः रडलो. तो म्हणाला, "मोंढा नाक्याजवळ एक कर्ज-सल्ला केंद्र आहे. ते बँकांशी बोलून व्याज कमी करून घेतात, सगळ्या कार्डांचा मिळून एकच हप्ता बांधून देतात. माझ्या साडूचं तिथंच मिटलं. फक्त कार्डं कापून टाकावी लागतात."

"आणि घरी कळवतात का?" मी विचारलं. माझा पहिला प्रश्न हा होता. व्याज किती, हा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी सुट्टी टाकली, तोंडाला रुमाल गुंडाळला, काळा गॉगल चढवला आणि त्या केंद्राचा जिना चढलो. (उन्हाळ्यात आपल्याकडं अर्धं शहर असंच दरोडेखोरासारखं फिरतं, त्यामुळे कुणी वळून बघितलं नाही.) बाकावर आधीच एक गृहस्थ बसले होते. त्यांनीही डोक्यापासून हनुवटीपर्यंत उपरणं गुंडाळलेलं, वर गॉगल. आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघून मान हलवली. समदुःखी!

आतून आवाज आला, "भानुदास रामराव काळे!"

शेजारचे गृहस्थ ताडकन उठले आणि हात वर करून म्हणाले, "हजर!"

हा आवाज लासूर स्टेशनच्या शाळेत तीस वर्षं हजेरी घेत होता. हाच आवाज माझ्या लग्नापासून दर दिवाळीला मला सांगत होता, "जावईबापू, अंथरूण पाहून पाय पसरावेत." निवृत्त मुख्याध्यापक. माझे सासरे. आप्पा!

मी घाबरून उभा राहिलो, त्यात रुमाल सुटला. आप्पांनी वळून बघितलं. त्यांचं उपरणं आपोआपच खाली आलं.

"जा... जावईबापू?"

दुसरं काही सुचेना म्हणून मी वाकून नमस्कार केला.

"आयुष्मान भव," आप्पा म्हणाले, पण आवाजात काही दम नव्हता. "तुम्ही इथं कसे?"

"मी सहज आलो होतो. पाणी प्यायला. तुम्ही?"

"मी डोळे दाखवायला."

"आप्पा, इथं डोळ्यांचा दवाखाना नाही."

"व्हय का? म्हणूनच सापडंना!"

तेवढ्यात दारात शेख मॅडम येऊन उभ्या राहिल्या. केंद्राच्या सल्लागार त्याच. चष्मा, सुती दुपट्टा, आणि समोरचा माणूस किती खोटं बोलतोय ते त्याच्या बसण्यावरून ओळखणारी नजर. "तुम्ही एकमेकांना ओळखता? अच्छी बात है. या दोघं आत."

"नाही!" आम्ही एका सुरात ओरडलो.

शेवटी वेगवेगळे गेलो. माझी पाळी आली तेव्हा मॅडमनी चारही बिलं पुढ्यात मांडली आणि म्हणाल्या, "सर, घबराने का नै. पहिल्या दिवशी हरएक माणूस असाच बसतो, खुर्चीच्या काठावर. जरा मागं सरका." मग त्यांनी हिशेब केला, हप्ता बसवला आणि एका साध्या कागदावर चार ओळी लिहून दिल्या. "फोन आला तर माझा नंबर द्यायचा. आणि एक बात, तीन महिन्यांत घरच्या एका माणसाची सही पाहिजे. लपवून हा प्रोग्रॅम चालत नाही."

जिन्यात आप्पा माझी वाट बघत थांबले होते. मुख्याध्यापकाच्या चेहऱ्यावर नापास मुलाची कळा होती.

"जावईबापू, मनीषाला कळता कामा नये."

"आणि आईंना, आप्पा?"

"तिला कळलं तर मला लासूर सोडावं लागंल," आप्पा म्हणाले, आणि ते गंमत करत नव्हते.

दर महिन्याला दोघांनी एकाच दिवशी यायचं ठरलं. घरी मात्र काय सांगायचं, हे ठरवायचं राहून गेलं. आणि तिथंच आम्ही मेलो.

मी मनीषाला सांगितलं, "आप्पांची जरा तपासणी चालू आहे. दर महिन्याला मी त्यांना घेऊन जाणार. तू आईंना बोलू नको, घाबरतील."

आप्पांनी लासूरला सासूबाईंना सांगितलं, "जावईबापूंची तब्येत बरी नाही. मी दर महिन्याला सोबत जातो. मनीषाला विचारू नको, पोरगी खचंल."

दोन महिने दोघींनी दातावर दात धरले. तिसऱ्या महिन्यात मनीषाला राहवलं नाही आणि तिनं आईला फोन लावला. मी शेजारी लसूण सोलत बसलो होतो. (पलीकडचं बोलणं मला नंतर सासूबाईंनी साग्रसंगीत ऐकवलं.)

"आई, आप्पांना कसं वाटतंय गं?"

"त्यांना काय धाड भरलीय? चार भाकरी खातेत. तुझ्या मालकाचं कसंय?"

"यांना काय झालंय?"

"अगं बाई! तुला नाय सांगितलं?"

"आई, आजारी आप्पा आहेत!"

"नाय गं, जावईबापू!"

मनीषानं हळूहळू मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी लसणाची पाकळी सालासकट तोंडात टाकली.

तिनं काही विचारलं असतं तर मी कदाचित बोललोही असतो. पण दोघी मायलेकींनी ठरवून टाकलं, की आजारी दोघंही आहेत आणि दोघं एकमेकांचं झाकतायत. संध्याकाळी मनीषानं माझी पँट धुवायला काढली, आणि खिशात तिला शेख मॅडमचा कागद सापडला. तो शब्दशः असा होता: 'कालावधी अठ्ठेचाळीस महिने. दर महिन्याला न चुकता यावे. ताण घेऊ नये. घरच्यांना विश्वासात घेऊन सांगावे.'

तिकडं लासूरला सासूबाईंनी आप्पांच्या सदऱ्याचा खिसा तपासला. तिथं छत्तीस महिने!

दुसऱ्या दिवसापासून मनीषा माझ्याशी गोड बोलायला लागली. सोळा वर्षांच्या संसारात मी एवढा कधी घाबरलो नव्हतो. "बसा हो, दमला असाल," म्हणायची. मी टीव्हीवर मॅच लावली तरी काही बोलेना! मी रात्री कूस बदलली की दचकून उठायची आणि माझ्या नाकासमोर बोट धरून बघायची. मला वाटलं, हिला कार्डांचं कळलंय आणि ही वादळापूर्वीची शांतता आहे. म्हणून मी आणखी गप्प झालो. मी गप्प झालो म्हणून ती आणखी गोड झाली. जेवणात मीठ बंद, तेल बंद, सकाळ-संध्याकाळ दुधीभोपळा.

आठवड्यात सासूबाई आप्पांना घेऊन आमच्याकडं राहायलाच आल्या. पाठोपाठ सोयगावहून मनीषाची मावशी आली. तिच्या पिशवीत बाटलीभर काळा काढा होता. तो कशाचा आहे हे तिनं सांगितलं नाही, आणि पहिल्या घोटानंतर विचारायचं धाडस आम्हाला झालं नाही. आप्पा आणि मी सोफ्यावर शेजारी शेजारी बसून तो प्यायचो. मावशी समोर उभी राहून घोट मोजायची.

"सांगून टाकू का?" आप्पा ओठ न हलवता म्हणाले.

"तुम्ही वडीलधारे. तुम्हीच सांगा."

"तुम्ही जावई. तुम्हाला कुणी बोलणार नाही."

"आप्पा, तुमची मुलगी आहे ती!"

"म्हणूनच तर!"

"काय खुसपुस चाललीय?" मावशी गरजली. "प्या! लई गुणकारी आहे."

मग केळी-मोसंबी घेऊन नातेवाईक यायला लागले. येऊन नुसते बघत बसायचे. एकानं माझा हात हातात घेऊन सांगितलं, "लढायचं! हरायचं नाय!" मला वाटलं याला कार्डांचं कळलंय, म्हणून मी म्हटलं, "हो, थोडं थोडं करत फेडतोय." ते ऐकून त्यानं डोळे पुसले. मागच्या जन्मीचं पाप असं काहीतरी पुटपुटत तो बाहेर गेला, आणि जाता जाता माझी मोटारसायकल ॲव्हरेज किती देते, हे मनीषाला विचारून गेला!

शनिवारी सकाळी मला जाग आली तर आमची पोरगी शाळेत गेलेली, आणि स्वयंपाकघरात मावशी एकटीच.

"मनीषा कुठंय?"

"गेल्या मायलेकी. गुलमंडीला, सराफाकडं."

"कशाला?"

मावशीनं पदर तोंडाला लावला. "पाटल्या मोडायला. तिची आई बोरमाळ घेऊन गेलीय. मोठ्या दवाखान्यात न्यायचं म्हणतेत तुम्हा दोघांना. माझ्या तोंडून ऐकलं म्हणून सांगू नका."

त्या पाटल्या मनीषानं स्वतः शिकवण्या घेऊन, सात वर्षं पैसे साठवून केल्या होत्या. मी कर्जात पार बुडालो, तरी त्या पाटल्यांकडं बघायची माझी हिंमत झाली नव्हती. आणि आज ती स्वतः होऊन त्या मोडायला निघाली होती. नसलेल्या आजारासाठी.

"आप्पा!" मी ओरडलो.

आप्पा दाढी करत होते. अर्ध्या गालाला फेस तसाच. आम्ही दोघं मोटारसायकलवर बसलो. क्रांती चौकाला सिग्नल लाल होता, आणि पंचेचाळीस वर्षं मुलांना शिस्त शिकवलेले आप्पा (तीस वर्षं शाळेत, बाकीची घरी) माझ्या पाठीत गुद्दा घालून म्हणाले, "हाणा, जावईबापू!" पैठण गेटपाशी गाडी पुढं जाईना, इतकी गर्दी. ती तिथंच टाकली आणि पळत सुटलो. पुढं मी, मागं फेसासकट आप्पा.

सराफाच्या दुकानात शिरलो तेव्हा पाटल्या काट्यावर होत्या.

"थांबा!" आप्पांनी शाळेच्या मैदानावरचा आवाज लावला. "आम्ही बरे आहोत!"

सगळं दुकान वळून बघायला लागलं.

"आप्पा, तुम्ही उठून कशाला आलात?" मनीषा घाबरून म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते. "बसा आधी. पाणी द्या हो कुणीतरी."

"मनीषा, मला काही झालेलं नाही," मी म्हणालो.

"मी कागद वाचलाय," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "अठ्ठेचाळीस महिने."

"हप्ते आहेत ते!"

"कशाचे?"

मी सराफाकडं बघितलं. तिथल्या गिऱ्हाइकांकडं बघितलं. मावशीच्या काढ्यापेक्षा कडू असा एक आवंढा गिळला आणि म्हणालो, "क्रेडिट कार्डांचे. चार आहेत."

"आणि ह्यांचे छत्तीस?" सासूबाईंनी आप्पांकडं बोट दाखवलं.

"दोनच कार्डं आहेत," आप्पा म्हणाले. जणू ही प्रगतिपुस्तकातली जमेची बाजू होती!

सराफच शेवटी हळूच म्हणाला, "ताई, मग वजन घेऊ का राहू देऊ?"

मनीषानं पाटल्या उचलल्या, हातात घातल्या, आणि दुकानाच्या गादीवर बसून रडायला लागली. मला वाटलं, गेला आपला संसार. मी म्हणालो, "चुकलो. तुला लपवलं. सगळं फेडीन." ती रडता रडता म्हणाली, "गप्प बसा हो! मी तीन आठवडे हिशेब करत होते, चार वर्षांनी पोरीला एकटीनं कसं वाढवायचं. आणि तुम्ही जिवंत!" हे शेवटचं वाक्य तिनं आनंदानं म्हटलं की रागानं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

पण त्या वेळी, भर बाजारात, मला माझी खरी लाज वाटली. बँकेच्या फोनला मी एवढा भीत होतो. ही बिचारी त्याच्यापेक्षा कितीतरी मोठं भय पोटात घेऊन मला बिनमिठाचा दुधी वाढत होती.

डोळे पुसून ती उठली. "चला."

"कुठं?"

"त्या मॅडमकडं. कुणाची तरी सही पाहिजे ना?"

शेख मॅडमसमोर आम्ही चौघं ओळीत बसलो. मनीषानं विचारलं, "एवढा खर्च केला कशावर यांनी?" मॅडमनी बिलं उलगडली. माझ्या बिलांतला सगळ्यात मोठा आकडा एका मंगल कार्यालयाचा निघाला. आप्पांची एकसष्टी! तीनशे पानं, बासुंदी, सनई. सासरे म्हणतील जावई कद्रू आहे, या भीतीनं मी तो सोहळा कार्डावर केला होता. आप्पांच्या बिलांतला सगळ्यात मोठा आकडा धोंड्याच्या महिन्यातला. जावयाला सोन्याची अंगठी, चांदीचं ताट आणि एसी. जावई म्हणतील मास्तर दरिद्री आहे, या भीतीनं!

आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो.

"मला कुठं पाहिजे होती एकसष्टी?" आप्पा क्षीण आवाजात म्हणाले. "बासुंदीनं तीन दिवस पोट बिघडलं होतं."

"मला तरी कुठं अंगठी पाहिजे होती, आप्पा? ती बोटात जात नाही. कपाटात आहे."

सासूबाई तोवर बिलं न्याहाळत होत्या. त्या शेख मॅडमना म्हणाल्या, "बाई, ह्या दोघांना एकमेकांपासून वाचवायची काय स्कीम आहे का तुमच्याकडं?"

शेख मॅडम पहिल्यांदाच हसल्या. मग त्यांनी ड्रॉवरमधून आमची जमा करून घेतलेली कार्डं काढली आणि कात्री मनीषाच्या हातात दिली. तिनं सहा कार्डांचे तुकडे केले. इतक्या निवांतपणे, की मला दुकानातलं रडणं बरं वाटलं.

पुढचं काही गमतीचं नव्हतं. एक बँक दोन महिने व्याज कमी करायला तयार होईना. फोन एकदम थांबले नाहीत, पण आता मी ते बैठकीच्या खोलीत, मनीषाच्या शेजारी बसून घ्यायचो आणि मॅडमचा नंबर द्यायचो. अंगठी, ताट सगळं विकलं. घरचा सगळा पैसा मनीषाकडं गेला. माझ्या फोनमधून पैसे द्यायची सोयसुद्धा तिनं काढून टाकली. सोमवारी पेट्रोलचे पैसे हातात मिळायचे, शुक्रवारी त्याची पावती दाखवायची. लासूरला हाच कारभार सासूबाईंनी सुरू केला. दुधीभोपळा मात्र चालूच राहिला. स्वस्त पडतो म्हणे!

आप्पांचे हप्ते एक वर्ष आधी संपले. तरी ते दर महिन्याला सकाळच्या गाडीनं येऊन माझ्यासोबत बाकावर बसायचे. अंथरुणाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

परवा माझाही शेवटचा हप्ता भरून झाला. शेख मॅडमनी 'काही देणे नाही' अशी बँकांची पत्रं हातात ठेवली. जिना उतरताना आप्पांचे डोळे पाणावले होते. खाली टपरीवर आम्ही दोन हाफ चहा घेतले, आणि चहा संपल्यावर आमच्यात जुंपली.

"जावईबापू, पैसे मी देणार."

"असं कसं आप्पा? तुम्ही मोठे."

"माझ्या गळ्याची आण आहे तुम्हाला!"

"आप्पा, हात काढा खिशातून!"

पाच मिनिटं आम्ही एकमेकांचे हात धरून झोंबत होतो. येणारे जाणारे बघत होते. टपरीवाला दोघांच्या मध्ये तळहात पसरून उभा होता. शेवटी मी जोर लावून जिंकलो, ऐटीत खिशात हात घातला, आणि हाताला पेट्रोलची पावती लागली. मी आप्पांकडं बघितलं. आप्पांनी सदऱ्याचे दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. रेल्वेचं परतीचं तिकीट, बाकी काही नाही.

टपरीवाल्यानं एक निःश्वास टाकला, कानामागचा खडू काढला आणि मागच्या पाटीवर लिहिलं: 'मास्तर आणि जावई, दोन चहा, बाकी.'

कर्जमुक्त होऊन आम्हाला तेव्हा जेमतेम वीस मिनिटं झाली होती.